पान लागलं असंल

महाळुंगे पडवळच्या शिवारात हौशीरामचं साडेचार एकर रान होतं. निम्म्यात ऊस, निम्म्यात बटाटा किंवा गहू. विहिरीला बारमाही पाणी, मुलगा सूरज चाकणला कंपनीत कामाला, घरात तो आणि साळुबाई दोघंच. गावात हौशीरामच्या शब्दाला वजन होतं. तो मोजकं बोलायचा आणि बोलला तर खोटं बोलत नाही, असं लोक म्हणायचे. लोकांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की त्याचंही तेच मत झालं होतं.

दरवर्षी माघ महिन्यात पारनेरकडच्या माळावरून ज्योतिबाचा वाडा त्याच्या रानात उतरायचा. वाडा म्हणजे अडीचशे मेंढरं, दोन घोडी, चार शेळ्या, खुराड्यातल्या कोंबड्या आणि माणसं चार: ज्योतिबा, त्याची बायको बानूबाई, मुलगा भागू आणि सून नंदा. बटाटा निघाला की रान मोकळं पडायचं. मेंढरं दिवसभर बांधावरचं गवत, ओढ्याकाठचा पाला, तोडलेल्या उसाचं वाढं असं काहीबाही खाऊन यायची आणि रात्री त्या रानात जाळीच्या आत बसायची. वीस-पंचवीस रात्री बसली की लेंड्यांनी रान असं भरायचं, की पुढचं पीक बघणाऱ्यानं कुठलं खत टाकलं म्हणून विचारावं. बदल्यात हौशीराम गहू-बाजरी द्यायचा. ज्योतिबाचा बाप हौशीरामच्या बापाच्या रानात असाच उतरायचा. व्यवहार कधी कागदावर आला नव्हता, आणि यावा असं कोणाला वाटलंही नव्हतं.

त्या वर्षी मात्र हौशीराम उंदरांनी बेजार झाला होता.

उंदीर पहिल्यापासून होतेच, पण इतके नव्हते. उसाच्या बुडाशी बिळंच बिळं झाली होती. कांड्या कुरतडून ऊस आडवा पडायचा. ठिबकच्या नळ्यांना तर त्यांनी अशी भोकं पाडली होती की पाणी उसाला कमी आणि बिळांना जास्त मिळत होतं. कोठीतल्या गव्हाच्या दोन पोत्यांचा नुसता भुसा राहिला होता.

"घुबडं गेली ना, तवाच मी म्हनलं व्हतं," साळुबाई म्हणाली.

रानाच्या कडेला जुन्या गुऱ्हाळाचं पडकं होतं. त्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात घुबडांची जोडी राहायची, पांढऱ्या तोंडाची. खाली उंदरांच्या केसांच्या आणि हाडकांच्या गोळ्या पडलेल्या असायच्या. साळुबाई त्या झाडून काढायची आणि रोज किती उंदीर खाल्ले असतील याचा अंदाज करायची. हौशीरामला घुबड दिसलं की दिवस वाईट गेल्यासारखं वाटायचं. मागल्या उन्हाळ्यात गोठा मोठा करायचा म्हणून त्यानं जेसीबी लावून ते पडकं पाडलं. घुबडं दोन दिवस चिंचेवर बसली, मग दिसेनाशी झाली. पाऊस सरला तसे उंदीर वाढत गेले.

आता त्यावर बोलून उपयोग नव्हता. हौशीराम मंचरला गेला आणि दुकानातून उंदराची काळी पावडर घेऊन आला. साळुबाईनं बाजरीचं पीठ, तेल आणि गूळ काढून दिला. त्यानं हाताला पिशवी बांधून गोळ्या केल्या आणि उसाच्या बांधाकडेनं, ओढ्याच्या अंगानं, गोठ्यामागं जिथं जिथं बीळ दिसलं तिथं तिथं आत सरकवल्या.

"ज्योतिबाचा वाडा यायचाय," साळुबाईनं आठवण केली.

"त्याला अजून आठ-धा दिस हायत. तवर समदं साफ हुईल."

पण पारनेरकडं चारा लवकर संपला होता. तिसऱ्याच दिवशी दुपारी घोड्यांवर बिऱ्हाड लादून वाडा ओढा ओलांडून आला. पुढं बानूबाई, मागं मेंढरं, आणि मेंढरांच्या कडेकडेनं हरणी.

हरणी म्हणजे वाड्याची कुत्री. गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा, तांबूस अंग, एक कान फाटलेला. जोडीचा म्हातारा कुत्रा पावसाळ्यात मेला होता, त्यामुळं राखण आता तिच्या एकटीवर होती. दरवर्षी ती आधी हौशीरामच्या दारात यायची, साळुबाईकडून भाकरी घ्यायची आणि मग वाड्याकडं जायची. त्या दिवशीही आली. साळुबाईनं तिला भाकरी घातली आणि नवऱ्याकडं बघितलं.

"सांगा त्येंला," ती हळू आवाजात म्हणाली.

हौशीराम सांगायला म्हणूनच रानात गेला. ज्योतिबा मेखा ठोकत होता. त्याला बघून तो हसला, पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं. "भाऊ, औंदा लौकर आलो. चालंल ना? न्हाईतर दादाभाऊ बोलवत व्हते, त्येंचंबी रान मोकळं झालंय."

दादाभाऊ म्हणजे ओढ्यापलीकडचा शेतकरी. त्याला दोन वर्षांपासून हा वाडा आपल्या रानात बसवायचा होता. हौशीरामच्या मनात आलं, विषाचं सांगितलं तर हा आत्ताच्या आत्ता मेखा उपटून पलीकडं जाईल. वर्षभराचं खत जाईल. आणि विष काय, बिळात आत आहे. मेंढरू बिळात तोंड घालत नाही. तीन दिवसांत निम्मं तर उंदरांनी संपवलंही असेल.

"बसवा की," तो म्हणाला. "आपलंच रान हाय."

हे बोलायला लागला तेवढा वेळही त्यानं विचार केला नव्हता. पुढं कितीतरी दिवस तो त्या एवढ्याशा वेळेकडं परत परत जात राहिला.

उंदीर विष खाऊन बिळात मरतातच असं नाही. पोटात आग पडली की ते पाण्याच्या ओढीनं बाहेर येतात आणि बांधावर, पाटात पडतात. हे हौशीरामला माहीत नव्हतं असंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला स्वतःलाच पाटाच्या कडेला तीन मेलेले उंदीर दिसले. त्यानं ते फावड्यानं उसात भिरकावून दिले. पुरायचा आळस केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी भागू धावत आला. हरणीला काहीतरी झालं होतं.

हौशीराम पोचला तेव्हा ती जाळीपाशी आडवी पडली होती. अंग ताठ होऊन झटके येत होते. तोंडातून फेस आणि पुढ्यात ओकलेलं. बानूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि नंदा तिच्या तोंडात ताक ओतायचा प्रयत्न करत होती. ताक तसंच बाहेर येत होतं. जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला, तो येतो म्हणाला, पण तो यायच्या आधीच हरणीचे पाय सैल पडले.

ज्योतिबा उकिडवा बसला. त्यानं खाली वाकून ओकारीचा वास घेतला. मग वर न बघता विचारलं, "भाऊ, हितं कुणी इख-बिख टाकलंय का?"

हौशीरामच्या मागं साळुबाई उभी होती. दादाभाऊही गडबड ऐकून ओढा उतरून आला होता. सगळे हौशीरामकडं बघत होते, कारण रान त्याचं होतं.

"न्हाई," हौशीराम म्हणाला. "आमच्यात कोन टाकत न्हाई. पान लागलं असंल. उसात लई हायती."

साप चावला असं या भागात कोणी तोंडानं म्हणत नाही. पान लागलं म्हणतात. दादाभाऊनं लगेच मान हलवली, मागल्या महिन्यात आपल्याही बांधाला नाग निघाल्याचं सांगितलं. ज्योतिबा "असंल" एवढंच म्हणाला. त्यानं हरणीच्या गळ्यातला पट्टा सोडवून घेतला आणि तिला ओढ्याच्या कडेला खड्डा खणून पुरलं. बानूबाईनं वर दगड रचले. तिच्या डोळ्याला पाणी नव्हतं, पण तिनं त्या दिवशी चूल पेटवली नाही.

 संध्याकाळी ताट पुढं ठेवताना साळुबाई म्हणाली, "पीठ मी काढून दिलं व्हतं. मीबी गप बसले."

"एक कुत्रं व्हतं, साळे. आता सांगून ते उठनार हाय का?"

"राखन कोन करनार?"

 तो उठला, विहिरीच्या मोटरवरून वायर ओढली आणि वाड्यापाशी बांबूला मोठा बल्ब टांगून दिला. ज्योतिबा गावात दुसरं कुत्रं मिळतं का बघत होता. गल्लीतलं कुत्रं मेंढरांच्या राखणीला चालत नाही, उलट तेच मेंढरू धरायचं. पारनेरला भावाकडं निरोप धाडला होता; तो चार दिवसांत एक जोडी घेऊन येणार होता. तोवर बल्ब होता आणि माणसं आळीपाळीनं जागत होती. हौशीरामनं स्वतःला समजावलं की चार दिवसांचाच प्रश्न आहे.

पारगावच्या कारखान्याची तोड जोरात चालू होती. रोज कुठलातरी ऊस तुटायचा आणि त्यात राहणारा वाघ पुढच्या उसात सरकायचा. या भागात बिबट्याला कोणी बिबट्या म्हणत नाही, वाघच म्हणतात, आणि तो आहे की नाही अशी चर्चाही कोणी करत नाही. तो असतोच. कुत्रं भुंकलं की तो दुसरीकडं जातो. एवढ्यावर सगळ्यांचं चाललेलं असतं.

दोन दिवसांनी पहाटे हौशीरामला हाका ऐकू आल्या. बाहेर आला तर नंदा दारात उभी. तिच्या लुगड्यावर रक्त होतं.

"मामींला घिऊन चला," ती सासूबद्दल म्हणाली. "वाघानं धरलं."

रात्री लाईट गेली होती. भागूचा डोळा लागला होता. वाघ जाळीवरून आत पडला आणि मेंढरं एकावर एक चढून एका कोपऱ्यात दाटली. बानूबाई उठली, हातात काठी न घेताच धावली आणि वाघानं मानेला धरलेली गाभण मेंढी तिनं मागचे पाय धरून ओढली. वाघानं मेंढी सोडली आणि पंजा मारला. खांद्यापासून कोपरापर्यंत तिचा डावा हात फाटला होता. मग ज्योतिबा आणि भागूनं डबे वाजवले, तसा तो उसात गेला. तीन मेंढरं त्यानं मारली होती. सहा चेंगरून मेली, त्यांतली चार कोकरं.

हौशीरामनं पिकअप काढली. बानूबाई पुढं त्याच्या शेजारी बसली, हात धोतरात गुंडाळलेला.  मंचरच्या सरकारी दवाखान्यापर्यंत ती फक्त एकदा बोलली, "हरणी असती तर त्यानं जाळीला तोंड लावलं नसतं." ती काही त्याला सुनावत नव्हती. जे होतं ते सांगत होती.  हौशीरामनं बोलायला तोंड उघडलं आणि समोर ट्रॅक्टर आला म्हणून हॉर्न वाजवला. त्यानंतर पुन्हा तोंड उघडणं जमलं नाही.

सव्वीस टाके पडले. सुया टोचल्या. दुपारी वनखात्याची माणसं पंचनाम्याला आली. वनरक्षक तरुण होता, नीट विचारपूस करत होता. मेंढरं मोजून झाल्यावर त्यानं विचारलं, "बाबा, वाड्याला कुत्रं नव्हतं का?"

"व्हतं," ज्योतिबा म्हणाला. "दोन दिस झालं. पान लागून मेलं."

हौशीराम तिथंच उभा होता. त्याचंच वाक्य ज्योतिबाच्या तोंडून सरकारी कागदावर चाललं होतं. वनरक्षकानं ते लिहून घेतलं.

पुढचे आठ-दहा दिवस हौशीराम वाड्यासाठी राबला. एक दिवसाआड बानूबाईला ड्रेसिंगला न्यायचा. दूध पाठवायचा, धान्य दुप्पट दिलं, जाळीभोवती पत्रे लावून दिले. पिंजरा लावायला वनखात्याकडं खेटे घातले. ज्योतिबाच्या भावानं आणलेली दोन कुत्री आली, त्यांना साळुबाईकडून रोज भाकरी जायची. हौशीरामनं पहाटे उठून बांध धुंडाळले, मेलेले उंदीर गोळा करून पुरले, पण बिळातल्या गोळ्या तशाच होत्या. त्या काढायला बसलं तर कोणीतरी विचारेल काय करता म्हणून. जितकं जास्त करावं तितकं लोक जास्त वाखाणत. चावडीवर, दूध डेअरीवर, जिथं जाईल तिथं तेच. दादाभाऊ तर म्हणाला, "राव, सख्ख्या भावासाठी कोन करत न्हाई एवढं."

हौशीरामला जेवण जाईना. रात्री डोळा लागला की हरणीचे ताठ पाय दिसायचे. त्याला वाटायचं, मी एक उंदीर मारायला गेलो आणि कुठवर जाऊन पोचलो. उंदीर, मग कुत्री, मग वाघ, मग बाईचा हात. आणि मधल्या एका जागी थांबता आलं असतं. हरणी मेली तेव्हा 'हो, मी टाकलंय' म्हटलं असतं, तर ज्योतिबानं त्याच दिवशी वाडा हलवला असता. माळावर, उसापासून लांब. मेलेले उंदीर न पुरणं हा आळशीपणा होता, पण ते वाक्य त्यानं शुद्धीत उच्चारलं होतं.

शिवजयंती आली. गावातली पोरं शिवनेरीवरून ज्योत घेऊन आली. संध्याकाळी मंडळाचा कार्यक्रम होता. दादाभाऊ मंडळाचा अध्यक्ष. माईकवरून त्यानं हौशीरामचं नाव पुकारलं. परमुलखातून आलेल्या मेंढपाळाच्या पाठीशी उभा राहिलेला आपल्या गावचा माणूस, असं काहीसं तो बोलला. हौशीरामला वाटलं उठू नये. मग वाटलं, उठलो नाही तर का उठलो नाही ते सांगावं लागेल. तो उठला. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. गर्दीच्या मागं, घोड्याचा लगाम धरून, ज्योतिबा उभा होता. तो टाळ्या वाजवत नव्हता, पण त्याचा चेहरा रागीटही नव्हता. तो नुसता बघत होता.

घरी येऊन हौशीरामनं शाल खुंटीला लावली. साळुबाई म्हणाली, "उद्या सकाळी तुमी जानार का मी जाऊ?"

"मी जातो," तो म्हणाला.

सकाळी तो गेला तेव्हा ज्योतिबा फाटलेली जाळी सांधत होता. बानूबाई हात गळ्यात बांधून चुलीशी बसली होती, नंदा भाकरी थापत होती. भागू मेंढरं घेऊन निघून गेला होता. हौशीराम उभाच राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"हरणीला पान लागलं नव्हतं," तो म्हणाला. "मी उंदराचं औषध टाकलं व्हतं. तुमी यायच्या आधी तीन दिस. तुमी आला तवा सांगायला आलो आन सांगितलं न्हाई. तुमी दादाभाऊकडं जाल म्हनून. तिनं मेलेलं उंदीर खाल्लं असनार. मग तुमी इचारलं तवाबी खोटं बोललो."

नंदाचा हात भाकरीवर थांबला. ज्योतिबानं सुतळीची गाठ दातानं ओढून पक्की केली. मग म्हणाला, "ठावं हाय."

हौशीरामला आधी नीट कळलंच नाही.

"तिच्या ओकारीला लसनासारका वास व्हता," ज्योतिबा म्हणाला. "त्या काळ्या पावडरीचा वास तसाच येतो. आमची तीन कुत्री गेलीत आजवर आशी, दुसऱ्यांच्या रानांत. आन पान लागलेलं कुत्रं लांब जाऊन मरतं, वाड्यात येऊन न्हाई."

"मग बोलला का न्हाई?"

"काय बोलनार, भाऊ? तुमी समद्यांम्होरं न्हाई म्हनला. मी हाय म्हनलो असतो तर तुमी खोटं ठरला असता. मग पुढल्या साली आमी वाडा कुटं बसवायचा? पलीकडं ऊस, अलीकडं ऊस. बंगलं झालं, तारंचं कुंपन झालं. मेंढरं बसवू देतो असं म्हननारी मान्सं ह्या वाटंला चार-पाच राह्यलीत. त्यातलं एक तुमी." तो जाळीकडं बघत बोलत होता. "एका कुत्रीपायी घर तोडायचं व्हय?"

हौशीराम तयारी करून आला होता ती शिव्यांची, फार तर पंचनामा बदलायला सांगितलं जाईल याची. हे ऐकायची त्याची तयारी नव्हती. त्याच्या खोट्याला इतके दिवस जो माणूस सांभाळत होता, तो हे रान हातचं जाईल या भीतीनं सांभाळत होता. काल शालीच्या वेळी तो गप उभा होता तेही त्यामुळंच.

पण खरी गोष्ट पुढंच होती. बानूबाई उठली. ती नवऱ्याकडं बघत होती.

"तुमाला ठावं व्हतं?"

ज्योतिबानं जाळीची दुसरी गाठ मारायला घेतली.

"मला सांगितलं न्हाई तुमी. मला म्हनला, पान लागलं. मी दोन रात्री हितंच निवांत काढल्या. मला ठावं असतं तर त्याच सांजेला मेंढरं माळावर घातली असती, उपाशी राह्यली असती तरी. चार कोकरं गेली माझी." तिचा आवाज चढला नव्हता. "ह्येंनी रानासाठी लपवलं आन तुमीबी रानासाठी लपवलं. हात माझा फाटला."

 चुलीवरची भाकरी करपली, तिचा वास आला. नंदानं ती गडबडीनं उलटली.

"बानूबाई," हौशीराम म्हणाला, "मी काय करू ते सांगा."

तिनं त्याच्याकडं पहिल्यांदा सरळ बघितलं. "आजून कुटं कुटं टाकलंय ते दावा."

"आत्ता?"

"मग कवा? दोन कुत्री आलीत नवी. शेळ्या हायत. तुमची गाय बांधाला जाती. चला."

ती पुढं निघाली. एक हात गळ्यात, दुसऱ्या हातात खुरपं. मागं हौशीराम फावडं घेऊन, त्याच्यामागं ज्योतिबा पाटी घेऊन. नंदा कुत्री बांधून ठेवून आली. उसाच्या कडेनं एकेक बीळ हौशीराम दाखवत गेला आणि बानूबाई खुरप्यानं उकरत गेली. दोन-चार ठिकाणी गोळ्या तशाच सापडल्या, बुरशी आलेल्या. त्या पिशवीनं धरून पाटीत टाकल्या. काही बिळं त्याला आठवेनात. तिथं ती त्याला परत मागं फिरवायची. "नीट आठवा," एवढंच म्हणायची. उन्हं वर आली. बिळात मेलेले, वाळलेले उंदीर निघाले. ओढ्याच्या अंगाला एक मुंगूस पडलं होतं, मुंग्या लागलेलं. त्याच्यापासून दहा पावलांवर एक भारद्वाज, तांबडे पंख पसरून. हौशीरामनं ते फावड्यावर घेतलं तेव्हा त्याचं वजन जाणवलंही नाही. लहानपणी आई सांगायची, घरातून निघताना भारद्वाज दिसला की काम होतं. त्यानं तो पाटीत ठेवला आणि त्याला एकदम हुंदका आला. पोर गेल्यासारखा तो बांधावर बसून रडला. कोणी त्याला समजावलं नाही. बानूबाई खुरप्याची माती झटकत म्हणाली, "फुडलं बीळ कुटलं?"

दुपारी चिंचेखाली कमरेएवढा खड्डा खणून सगळं पुरलं, वर चुना टाकला. साळुबाई पाण्याची कळशी घेऊन आली. तिनं बानूबाईच्या हातावर पाणी घातलं आणि म्हणाली, "पीठ मी दिलं व्हतं." बानूबाईनं हात धुतले आणि पदराला पुसले.

दुसऱ्या दिवशी वाडा उठला. ठरलेल्या रात्री पुऱ्या झाल्या नव्हत्या. ठरलेलं धान्य ज्योतिबानं घेतलं, वर हौशीराम देत होता ते बानूबाईनं परत ठेवायला लावलं. दादाभाऊच्या रानातही ते गेले नाहीत. ओतूरच्या बाजूला कोणी बहिरू म्हणून ओळखीचा होता, तिकडं निघाले.

वाडा गेल्यावर हौशीराम शाल घेऊन दादाभाऊकडं गेला आणि त्याला सगळं सांगितलं. दादाभाऊनं ऐकून घेतलं. मग हसून म्हणाला, "अहो, उंदराला औषध कोन टाकत न्हाई? मीबी टाकतो. कुत्र्याचं काय एवढं मनाला लावून घेता? वाघ काय तुमी बोलावला व्हता का?" शाल त्यानं घेतली नाही. हौशीरामनं डेअरीवर सांगितलं, चावडीवर सांगितलं. लोक ऐकायचे आणि थोड्याफार फरकानं तेच बोलायचे. एकदोघांनी तर त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. तेव्हापासून त्यानं सांगणं सोडून दिलं. वनरक्षकाला मात्र त्यानं मंचरला गाठून पंचनाम्यातलं ते वाक्य खोटं असल्याचं सांगितलं. त्या तरुणानं विचारलं, "आता टाकता का?" हौशीराम नाही म्हणाला. "मग दुसऱ्यांनाही सांगत जा," तो म्हणाला आणि फाईल उघडून बसला.

पुढचं वर्ष हौशीरामनं उंदरांशी जमेल तसं काढलं. लाकडी सापळे आणले, बिळांत पाणी सोडलं, गव्हाला लोखंडी कोठी केली. तरीही निम्म्या नळ्या कुरतडल्या गेल्याच. साळुबाईनं गोठ्याच्या आढ्याला एक खोकं टांगून ठेवलं, घुबडांसाठी. त्यात चिमण्या राहायला आल्या.

माघ आला. बटाटा निघाला. हौशीराम रोज ओढ्यापर्यंत जाऊन यायचा. रान नांगरायला ट्रॅक्टरवाला दोनदा विचारून गेला, दोन्ही वेळा त्यानं थांब म्हटलं. वाडा येईल असं त्याला खरं वाटत नव्हतं, आणि रान नांगरायचाही धीर होत नव्हता.

मग एका दुपारी मेंढरं दिसली. ज्योतिबा पुढं होता. ओढ्याच्या पलीकडंच त्यानं मेंढरं थांबवली. हौशीराम बांधावर उभा होता, पण पुढं गेला नाही. बानूबाई मागून आली, दोन कुत्री साखळीला धरून. तिचा डावा हात कोपरातून पुरता सरळ होत नव्हता, हे लांबूनही दिसत होतं. तीच ओढा उतरून वर आली.

"औंदा काय टाकलंय का?" तिनं विचारलं.

"न्हाई," हौशीराम म्हणाला.

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. हाच शब्द त्यानं मागल्या वर्षी याच रानात उच्चारला होता, आणि दोघांनाही ते माहीत होतं. त्यानं नजर खाली केली नाही. कसंबसं जमवलं.

"नंदा," तिनं मागं वळून हाक मारली, "बांध बघून ये. पाटबी बघ, आन गोठ्यामागं."

नंदा पदर खोचून उसाच्या कडेनं निघाली. हौशीराम म्हणाला, "मी दावू का कुटं कुटं बिळं हायत ती?"

"नको," बानूबाई म्हणाली. "तिचं ती बघंल."

ती बांधावर बसली, साखळी पायाखाली दाबून. हौशीरामही थोड्या अंतरावर बसला. नंदाला साडेचार एकर फिरून यायला चांगला तासभर लागणार होता. पलीकडं ज्योतिबा मेंढरं धरून उभा होता, त्यानं अजून घोड्यावरचं बिऱ्हाड उतरवलं नव्हतं.